गिलावा न केलेलं घर

गणिताच्या मास्तरांनी निवृत्तीनंतर घर बांधायला घेतलं. त्यांचा गुन्हा एवढाच. तोवर ते आणि त्यांची बायको, म्हणजे बाई, मेहुण्याच्या शिवणयंत्राच्या खोलीत राहत होते. यंत्र सुरू झालं की दोघांनी उठून व्हरांड्यात जायचं, असा अलिखित करार होता.

वास्तुविशारदाने पहिल्याच दिवशी बजावलं, "गिलावा म्हणजे खोटेपणा, सर. वीट विटेसारखीच दिसली पाहिजे."

"आणि छत?"

"छत प्रामाणिक ठेवू. उघडं काँक्रीट."

फळ्यावर चाळीस वर्षं प्रामाणिकपणाचे सुविचार लिहिलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. भिंती उघड्या राहिल्या. फाटक मुद्दाम गंजवून आणलं. अंगणात रोपवाटिकेतून मागवलेलं रानगवत लावलं.

"अहो, हे तर आपण जन्मभर उपटत आलो!" बाई म्हणाल्या.

"ते आपोआप उगवायचं. हे लावलेलं आहे."

पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी निरीक्षक आले आणि फाटकातच थबकले. "काम कधी संपणार?"

"संपलं की!"

"विटा दिसतायत."

"ती फॅशन आहे, साहेब."

निरीक्षकांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला. "फॅशनचा रकाना नाही यात." आणि शेरा मारला: 'बांधकाम अपूर्ण. आवारात तण माजले असून जागा बेवारस असल्याचे प्रथमदर्शनी दिसते.'

बाईंच्या गुडघ्यांना आता व्हरांडा सोसवत नव्हता. मास्तरांनी मुकाट्याने गिलावा करवला, वर फिकट पिवळा रंग दिला. गवत बाईंनी स्वतः उपटलं, पदर खोचून, अगदी मनापासून. दाखला मिळाला. दोघं राहायला आली आणि आठ दिवस कुणी त्यांना कुठूनही उठवलं नाही.

नवव्या दिवशी वसाहतीच्या सौंदर्य समितीच्या अध्यक्षा आल्या. "मास्तर, राग मानू नका, पण तुमचं घर अगदी घरासारखं दिसतं. ही नैसर्गिक वसाहत आहे. लोकांना बघवत नाही हो." जागा घेताना झालेल्या करारातलं कलम त्यांनी वाचून दाखवलं: बाहेरच्या भिंतींस रंग व गिलावा वर्ज्य.

मास्तरांनी गिलावा खरवडला. त्याबरोबर विटांचे टवकेही निघाले. वास्तुविशारद हरखून गेला. "सर, हा पोत मागूनसुद्धा मिळत नाही!"

कुणीतरी तक्रार केली. तेच निरीक्षक पुन्हा आले आणि त्यांनी भिंतीवर लाल पाटी ठोकली: 'धोकादायक इमारत. रहिवाशांनी तत्काळ बाहेर पडावे.'

"अहो, मागच्याच महिन्यात तुम्ही घर पूर्ण ठरवलंत ना!" मास्तर म्हणाले.

"म्हणूनच तर," निरीक्षक समजुतीने म्हणाले. "अपूर्ण इमारत धोकादायक ठरवता येत नाही."

दोघं पुन्हा व्हरांड्यात आली. एका रविवारी राहिलेली भांडी आणायला गेली, तर घरासमोर एक चकचकीत गाडी उभी. एक तरुण जोडपं पाटीशेजारी उभं राहून फोटो काढत होतं.

"काका, ही पाटी कुठून हो आणलीत?" त्या मुलीने अदबीने विचारलं. "काय उठाव आलाय घराला!"

मास्तर भांडी आणायला आत गेले. बाई पदर खोचून त्यांच्यामागे गेल्या.

हल्ली तो वास्तुविशारद प्रत्येक नव्या घराबरोबर अशी पाटी देतो. मागणी इतकी की प्रतीक्षायादी लावावी लागली आहे. हसू नका. त्या यादीत तुमचाही पत्ता आहे. नाव कुणी नोंदवलं, ते घरात विचारून बघा.