हे कोणाचं?

बिशपसाहेब रविवारी येणार आणि उपासनेनंतर "शाळेबद्दल जरा बोलणार" असा निरोप आला, तेव्हापासून पाळकसरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या छोट्या अँग्लिकन देवळाचे ते पाळक आणि त्याच आवारातल्या शाळेचे मुख्याध्यापक. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते, उरलेल्यांची लग्नं लावली होती, आणि काहींच्या बाबतीत दोन्ही. बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं. घर आता झोपण्यापुरतं उरलं होतं. शाळा हातातून गेली तर दिवसभर कुठे जायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बोलायचं कसलं, शाळेतून काढायचंच आहे त्यांना मला," शनिवारी चहा ढवळत ते म्हणाले.

"साखर घातली नाहीये अजून," मुलगी म्हणाली. नोकरीतून रजा काढून ती त्यांच्याजवळ राहायला आली होती. "आणि काढलं तर काढू देत, पप्पा. दोन माणसांचं काम एकट्याने किती दिवस ओढणार? जेवता तरी का वेळेवर?"

"डबा खातो की."

"डबा शिपाई खातो. काल त्यानेच मला सांगितलं, आज मीठ कमी होतं म्हणून."

पाळकसरांनी उठून झगा खुंटीला टांगला. झगा एकच होता. सकाळची प्रार्थना आटोपली की त्याच काळ्या झग्यात ते शाळेच्या परिपाठाला जात. मुलांकडून जप्त केलेली चीजवस्तू झग्याच्या खोल खिशात पडे. परिपाठाला ते ती वर धरून विचारत, "हे कोणाचं?" जो उभा राहील त्याला शिक्षा नाही. "खरं बोललास. बस," एवढंच. मात्र वस्तू जप्त ती जप्त.

दर शनिवारी बायको ते खिसे रिकामे करी. सगळा ऐवज टेबलाच्या खालच्या कप्प्यात जाई आणि खिशात घडीचा रुमाल येई. ती गेल्यापासून रुमाल येत नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. खिसे रिकामे होत नव्हते, हे मात्र आलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात खिसे आपोआप रिकामे होतात अशीच त्यांची समजूत झाली होती. खिसे फारच फुगले तर ते शाळेच्या कपाटात उलटे करत. या शनिवारी ते फुगले नव्हते. उजव्या खिशात फक्त एक रबरी बदक होतं, शुक्रवारी तिसरीच्या वर्गात बाकाखाली सापडलेलं.

रविवारी देऊळ भरलं. बिशपसाहेब उंच, कडक, आणि त्यांच्या लांबलचक शांततेबद्दल प्रसिद्ध होते. पापांगीकाराच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापं कबूल करायच्या वेळी ते वेदीकडे तोंड करून गुडघे टेकत आणि इतका वेळ गप्प राहत, की माणसाला नसलेली पापंही आठवू लागत.

पहिल्या प्रार्थनेला पाळकसरांनी गुडघे टेकले. पुढच्या कठड्याला खिसा दाबला गेला आणि "चूंऽ" असा आवाज आला. बिशपसाहेबांनी एक डोळा उघडला. पाळकसर उठले, तशी बदकाने हवा परत ओढून घेतली. तो आवाज पहिल्यापेक्षा वाईट होता. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी प्रसंग ओळखून मध्येच दोन सूर दणकून दिले, त्यामुळे मंडळीला वाटलं गीत सुरू झालं, आणि मागच्या दोन रांगांनी ते सुरूही केलं.

आता गुडघे टेकायचेच नाहीत, असं पाळकसरांनी ठरवलं. पण मंडळीला बसायचं कधी आणि उठायचं कधी हे त्यांच्याकडे बघूनच कळायचं. पापांगीकार आला. बिशपसाहेब वेदीसमोर गुडघ्यांवर गेले. पाळकसर ताठ उभे राहिले. म्हणून अख्खी मंडळी ताठ उभी राहिली.

शांतता सुरू झाली. पाळकसरांनी हळूच खिशात हात घातला. बदकाची मान धरावी, म्हणजे ते गप्प बसेल, असा त्यांचा विचार होता. मान धरताच ते जे किंचाळलं, ते पार छतापर्यंत जाऊन परत आलं. सगळ्या माना वळल्या. आणि इतकी तोंडं एकदम आपल्याकडे वळलेली पाहून पाळकसरांमधला मुख्याध्यापक जागा झाला. हात आपोआप वर गेला. हातात पिवळं बदक होतं.

"हे कोणाचं?"

पहिल्या रांगेतली एक चिमुरडी पुढे सरकली. "माझं, सर."

"खरं बोललीस. बस."

ती बसली. एवढ्यावर सुटका होते हे देवळाच्या कारभाऱ्यांनी पाहिलं. तेही याच शाळेत शिकलेले. त्यांनी घसा खाकरला. "सर, देवळाची शिडी चोरीला गेली नाही. माझ्या माळ्यावर आहे."

पाळकसरांच्या तोंडातून सवयीचंच निघालं. "खरं बोललात. बसा."

"मी प्रत्येक गीताचं शेवटचं कडवं गाळते," ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या. "नाहीतर माझी बस चुकते."

"ते आम्हाला कधीचं माहीत आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्यांना बोलू द्या. खरं बोललात बाई, बसा."

मग एक शेजारीण दुसरीकडे वळून म्हणाली, "तुझ्या कुंड्या मांजराने पाडल्या नव्हत्या." दुसरी म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणूनच तुझी वाळत घातलेली चादर वाऱ्याने उडाली नव्हती." दोघींना एकदमच बसवावं लागलं. वेदीसमोर बिशपसाहेबांची पाठ मात्र जराही हलली नव्हती. ती पाठ बघून पाळकसरांनी शाळेची आशा सोडून दिली.

इतक्यात तिसऱ्या रांगेतून त्यांची मुलगी पुढे आली.

"बिशपसाहेबांना फोन मी केला होता," ती म्हणाली. "तुमची शाळा सोडवा म्हणून मीच सांगितलं. तुम्ही घरी बसाल, दोन घास नीट खाल असं वाटलं. आई असती तर..."

पाळकसरांचा बदक धरलेला हात खाली आला. नियम त्यांचाच होता, आणि त्यात घरच्या माणसांसाठी वेगळी तरतूद नव्हती.

"खरं बोललीस," ते म्हणाले. "बस, बेटा."

त्यानंतर वेदीकडून आवाज आला. "मलाही काही सांगायचं आहे." बिशपसाहेबांची पाठ तशीच होती. "मला गुडघ्यांवरून उठता येत नाही. बरीच वर्षं झाली. म्हणून तर एवढी शांतता ठेवतो. जरा हात देता का?"

कारभाऱ्यांनी एकीकडून आणि पाळकसरांनी दुसरीकडून त्यांना उभं केलं. पाळकसरांच्या हातात अजून बदक होतं. तेही एकदा बोललं.

नंतर, कपडे बदलायच्या खोलीत, बिशपसाहेब खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. "शाळा सोडा हे सांगायलाच आलो होतो," ते म्हणाले. "पण आयुष्यभर पापांगीकार घेतोय मी, पाळकसर. सगळे वाचून दाखवतात, उभं कोणी राहत नाही. आता तुमच्यातला मुख्याध्यापक कापून काढला, तर पाळकही अर्धा जाईल. राहू द्या शाळा. फक्त खिसे बघा."

"खिसे मी बघेन," मुलगी म्हणाली. "डबाही मीच घेऊन येईन, आणि समोर बसेन."

पुढच्या शनिवारी तिने झगा मांडीवर घेतला. एक शिट्टी निघाली, एक भोवरा, एक रबरी कोळी आणि ते पिवळं बदक. "आई हे कुठे ठेवायची?"

"टेबलाच्या खालच्या कप्प्यात. बघ, जागा उरली असेल तर."

"पप्पा, इथे तसलं काहीच नाही."

पाळकसर उठून आले. कप्प्यात इस्त्री केलेल्या रुमालांची एक चळत होती. बाकी काही नव्हतं. इतक्या वर्षांचे चेंडू, गोट्या, पिपाण्या, काहीच नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. मुलीने उघडलं. बदकवाली चिमुरडी उभी होती, तिच्यामागे आणखी दोघं.

"शनिवार आहे ना," ती कुजबुजली. "सरांच्या घरच्या बाई आमच्या वस्तू द्यायच्या परत. आता तुम्ही द्याल का? सरांना सांगायचं नाही. बाई म्हणायच्या, त्यांना वाटू दे आपण कडक आहोत."

पाळकसर दबक्या पावलांनी बाहेरच्या खोलीत परतले, खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्राचं पान जरा मोठ्यानेच उलटलं. सर बाहेरच्या खोलीत आहेत आणि तिथेच बसणार आहेत, हे मागच्या दाराशी कळायला हवं होतं.