कांबळे सरांची सोयरीक

कांबळे सर लग्नाला गेले, की आहेर देण्याआधी वधूपित्याला एकच प्रश्न विचारतात, “गावात काय मेलंय का?”

प्रश्न कावळे, कोंबड्या, वासरे आणि डुकरे यांच्याविषयी असतो. परंतु हा खुलासा ते मागाहून करतात, आणि तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. निलंग्याच्या एका लग्नात वरमाईने त्यांना पंगतीतून उठवायचा बेत केला होता. सर मात्र मांडवामागे मरून पडलेल्या कावळ्याची रीतसर व्यवस्था लावून, कोपरापर्यंत हात धुऊन, जिलेबी खाऊनच परतले.

लातूरच्या आमच्या पशुरोग प्रयोगशाळेत सर ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली संशोधन करते. प्राण्यांकडून माणसांकडे येऊ शकणाऱ्या रोगांची माहिती एकमेकांना तातडीने कळावी, म्हणून काही देशांतील प्रयोगशाळांनी एक जाळे उभारले आहे. आम्ही त्याचे सभासद आहोत. दरमहा पडद्यावर बैठक होते. तिथे काय बोलावे याचे काही संकेत असतात. सरांना ते मान्य नाहीत. पहिल्याच बैठकीत, अध्यक्षांचे स्वागतपर भाषण संपताच, त्यांनी आपला प्रश्न इंग्रजीत विचारला.  मग हनोईच्या बाईंनी घसा साफ करून सांगितले, की हो, आमच्याकडे बदके मेली आहेत, पण अहवाल अजून तयार व्हायचा आहे. तेव्हापासून बैठकीची सुरुवात याच प्रश्नाने होते. कार्यक्रमपत्रिकेत त्याला अधिक सभ्य नाव दिलेले आहे, इतकेच.

सरांच्या लेखी हे जाळे म्हणजे सोयरीक. “सोयरीक जुळवताना घरातली खोट आधी सांगून टाकावी,” असे त्यांचे तत्त्व. “मागून कळली तर निस्ती भांडणं.” या न्यायाने हनोईच्या बाई ‘वहिनी’ झाल्या आणि नेदरलँड्सचे उंच, गंभीर प्राध्यापक ‘दाजी’. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, हे मी प्राध्यापकांना पत्राने समजावले. डॉ. कांबळे यांच्या भगिनींना आपण कधी भेटलेलो नाही, असे त्यांनी लेखी कळवले. पुढच्या पत्राखाली मात्र सही ‘दाजी’ अशीच होती.

एका शब्दाशी सरांचे वैर आहे. हातमोजे, मुखपट्टी, अंगभर झगा असा वेश चढवून आत जाण्याला आमचे तंत्रज्ञ देशमुख गमतीने ‘सोवळं’ म्हणत. सरांनी त्यांना एकदा समोर बसवले आणि न रागावता सांगितले, “देशमुख, सोवळ्यातला माणूस म्हणतो, तुमचा विटाळ मला नको. आपण उलटं म्हणून राहिलो, माझा तुम्हाला नको. पहिलं माझ्या आज्यानं लई सोसलंय. दुसरं मी हौसेनं करतो.” देशमुखांनी चहा मागवला. तो शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

सरांना खरोखरच एक बहीण आहे. आईवडिलांच्या माघारी त्यांना शिकवले ते या थोरल्या अक्कानेच. तिच्यासाठी ते अजूनही ‘बापू’च. पुढे तिने शिरूर अनंतपाळजवळ शेतात कोंबड्यांचे शेड टाकले आणि त्याला लागूनच घर बांधले. विषाणू हाताळणाऱ्याने नंतर काही दिवस कोंबड्यांजवळ फिरकू नये, असा नियम आहे. आणि सर तर रोजच ते काम करतात. परिणामी बहीणभावाची भेट शिरूरच्या बसस्थानकाच्या बाकावर होत असे. अक्का डबा घेऊन येई. “असला कसला भाऊ, फाटकाबाहेरचा,” असे ती चारचौघांत ऐकवी, आणि सर मान खाली घालून धपाटे खात.

गेल्या हिवाळ्यात अक्काने फोनवर त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. मी शेजारीच होते. कोंबड्या मरत होत्या. त्यांचे तुरे निळे पडत होते. औषध कोणते द्यावे, एवढेच तिला विचारायचे होते. 

“अक्का, हे आता माझ्यापाशी राहणार न्हाई. वर कळवावं लागंल.”

पलीकडचे वाक्य मलाही ऐकू आले. “मी बापूला सांगितलं. साहेबाला न्हाई.”

सरांनी कळवले. केंद्राच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान पक्के केले, आणि अक्काच्याच नव्हे, तर परिसरातल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. गाव अक्काशी बोलेनासे झाले. अक्का सरांशी.

परवानगी मिळाल्यावर आम्ही विषाणूचा जनुकीय क्रम जाळ्यावर दिला. वहिनींनी आपल्या बदकांमधला क्रम त्याच्याशी ताडून पाहिला. दोन्हींत एक सारखाच बदल होता, आणि त्यामुळे प्रचलित चाचणीतून हा विषाणू निसटू शकत होता. चाचणी सर्वत्र सुधारण्यात आली. पुढच्या बैठकीत टाळ्या झाल्या. माझ्या कारकिर्दीतले ते पहिले मोठे यश. मला त्याचा आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. मग दाजींनी विचारले, की ही माहिती इतक्या लवकर देणारा तो शेतकरी कोण?

सर म्हणाले, माझी बहीण. आता ती बोलत नाही.

दाजींनी चष्मा काढला. या नात्याने आपण तिच्याशी बोलून पाहावे का, असे त्यांनी विचारले. त्यात विनोद नव्हता.

“नको, दाजी,” सर मराठीतच म्हणाले. भाषांतर मी केले. “तिला इंग्रजी येत न्हाई. आन् रागात असली की मराठीबी.”

त्यानंतरही सर सुटीच्या दिवशी शिरूरला जात, बाकावर बसत, आणि परतीच्या बसने येत. कोणी आले होते का, हे विचारण्याची गरज पडत नसे.

उन्हाळ्यात एका दुपारी सर आत काम करत असताना त्यांचा फोन वाजला, म्हणून मी तो घेतला. अक्काने माझे नाव, गाव काहीच विचारले नाही.

“त्याला सांग, शेड रिकामं हाय. औषध मारून, धुऊन झालंय. एकबी पक्षी न्हाई. आता त्याचा नियम आडवा येत न्हाई.”

सर बाहेर आल्यावर मी निरोप शब्दशः सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग रजेचा अर्ज लिहायला बसले आणि मध्येच थांबले.

“स्टँडवरून तिचं घर कुण्या बाजूला हाय,” त्यांनी हळूच विचारले, “ते काय म्हणाली का?”

ते मी विचारले नव्हते. मी फोन परत लावला आणि त्यांच्या हातात दिला.