सासऱ्यांचं हृदय माझ्या हातून फुटलं

कॉम्प्युटरच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. गरजच पडत नाही! ऑफिसात प्रिंटर अडला की साहेब आधी मला हाक मारतात आणि मग कंपनीच्या माणसाला. (आधी मला मारतात म्हणूनच नंतर त्याला मारावी लागते, असं बायकोचं म्हणणं. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असतं.)

सासू-सासरे आमच्याकडेच राहतात. सासऱ्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आता रिकामपण आलं, तसं त्यांच्या मनाने घेतलं की खालच्या मजल्यावरच्या कॅप्टनच्या गटात सामील व्हायचं. हे कॅप्टन कुठल्या जहाजावर होते कुणाला ठाऊक, पण दर रविवारी दहाबारा म्हाताऱ्यांना रांगेत घेऊन टेकडी चढतात. त्यांनी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, साफ सांगितलं, "नाही जमायचं. या वयात हृदयाचा काय भरवसा? अर्ध्या वाटेवर बसलात तर खांद्यावर कोण घेणार?"

बाबांना ते फार लागलं. दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन हृदयाचा स्कॅनच काढून आले!

डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय अगदी घड्याळासारखं चालतंय."

"घड्याळं कशी चालतात ते मला सांगू नका," बाबा म्हणाले, "नीट काय ते बोला!"

तर हृदय उत्तम होतं आणि त्याचा पुरावा एका डिस्कमध्ये होता. बाबांनी तिच्यावर अर्ध्या भागात जाडजूड चिठ्ठी डकवली: 'माझे हृदय. हात लावू नये.' मग कॅप्टनना संध्याकाळी चहाला बोलावलं.

"जावईबापू, पडद्यावर मोठ्ठं दिसलं पाहिजे!"

"बाबा, तुम्ही फक्त बघत राहा!"

डबीतून डिस्क निघता निघेना. बाबांनी डबीच्या मधली कळ न दाबताच ती कडेला धरून ओढली. डिस्क धनुष्यासारखी वाकली, टक् असा आवाज झाला आणि ती बाहेर आली. बायकोने ती उजेडात धरली.

"अरे, भोकापाशी तडा गेलाय. टाकू नकोस आत."

"केसाएवढा तर आहे!"

"फुग्याला टाचणी केवढी लागते? तुझा ड्राइव्ह हिला मिनिटाला हजारो वेळा गरगरवणार. फिरताना तिचा प्रत्येक कण बाहेर पळायला बघतो आणि सगळा ताण येतो भोकापाशी. तडा नेमका तिथेच! वर ही एका बाजूची चिठ्ठी. म्हणजे तोल जाणार तो वेगळाच. हॉस्पिटलातून दुसरी आण."

"हा वर्ग नाहीये," मी म्हणालो. तेवढ्यात कॅप्टन आले.

कॅप्टन निकाल द्यायला आल्यासारखे ताठ बसले. बाबांनी केस विंचरले होते. स्कॅन त्यांच्या छातीचा होता, पण असू दे. मी डिस्क आत सरकवली. आधी घर्र झालं. मग घुंर्र. मग एखादं विमान खिडकीतून घरात शिरतंय असा आवाज सुरू झाला.

"हा हृदयाचा आवाज?" कॅप्टननी विचारलं.

"ऐका!" बाबांची मान उंचावली. "ताकद बघा त्याची!"

टेबल थरथरायला लागलं. पेनांचा डबा चालत चालत कडेपर्यंत गेला. बायको म्हणाली, "बंद कर." मी म्हणालो, "वाचतोय तो. जुन्या माणसासारखा जरा मोठ्याने वाचतो, एवढंच."

आणि फाड्!

ड्राइव्हचं तोंड फुटलं आणि पुढची पट्टी उडून कॅप्टनच्या चहात पडली. पाठोपाठ चंदेरी तुकड्यांचा फवारा आला. "खाली झोपा!" असं ओरडत कॅप्टन टेबलाखाली गेले. बाबांनी सोफ्यावरून उडी मारली, दार उघडलं आणि जिन्याने जे सुटले ते दिसेनासेच झाले!

सासूबाई न्हाणीघरातून धावत आल्या. "काय फुटलं?"

"बाबांचं हृदय!" मी म्हणालो. तोंडातून तेवढंच निघालं.

"आणि हे? हे कुठे आहेत?"

टेबलाखालून कॅप्टनचा हात बाहेर आला. एक बोट छताकडे होतं. "ते वर गेले."

सासूबाईंनी आधी हंबरडा फोडला आणि मग मुलाला फोन लावला. "अरे, ये रे लवकर! जावईबापूंनी तुझ्या बाबांचं हृदय फोडलं! ते वर गेले रे!"

"आई, हृदय डिस्कमध्ये होतं!" बायको सांगतेय, पण ऐकतंय कोण! फोन केव्हाच बंद झाला होता. मी म्हटलं, आता बोलत बसण्यापेक्षा माणूसच समोर उभा करावा. जिना धरला. दुसऱ्या मजल्यानंतर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. चौथ्या मजल्यानंतर जिना आपला संपेचना! गच्चीवर पोचलो तेव्हा बाबा पाण्याच्या टाकीआडून डोकावत होते. धाप नाही, घाम नाही!

"संपलं का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मला बोलताच येईना. मी नुसता जिन्याकडे हात केला.

आम्ही खाली आलो तेव्हा दारात मेहुणा आणि त्याच्यामागे ॲम्ब्युलन्सचे दोघे स्ट्रेचर घेऊन उभे! मेहुण्याने बाबांना मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडला. सासूबाई त्या दोघांकडे बघून रडल्या, मग हसल्या, मग माझ्याकडे बघून पुन्हा रडल्या. कॅप्टननी बाबांचं मनगट धरून घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि कडक आवाजात म्हणाले, "एवढे मजले एका दमात! उद्यापासून रांगेत सगळ्यात पुढे तुम्ही."

बाबा त्या क्षणी असे फुलले म्हणून सांगू! फुटलेलं हृदय ते तिथल्या तिथे विसरले.

"पण पेशंट कोण?" ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पायरीवर एकच माणूस बसला होता. चेहरा पांढराफटक, हात छातीवर, तोंड उघडं.

"मी... ठीक..."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला, आणि दोघांनी मला उचललं. बायको मात्र दुसऱ्याला तडा आणि ताण समजावत जिना उतरत होती. तो बिचारा स्ट्रेचर सांभाळत "हो का मॅडम, हो का मॅडम" करत होता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी नाडी पाहिली. "काय झालं?"

मला अजून धाप लागलेली. मी कसंबसं म्हणालो, "डिस्क... फुटली..."

डॉक्टरांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "हलू नका! कंबरेतली की मानेतली?"

मी खुलासा करणार होतो, खरंच करणार होतो! पण शेजारी सासूबाई पहिल्यांदाच माझ्याकडे मायेने बघत होत्या.

म्हणून हे सगळं मी तुम्हाला आडवा पडून सांगतोय. कंबरेला पट्टा आहे, आठवडाभर उठायची बंदी आहे, आणि खरं कारण माहीत असलेली बायको दर तासाला येऊन विचारते, "काय, फार दुखतंय का?"