तळघरातील चालू वाहनांची पडताळणी

मोटारगाडी माणसाला इथून तिथे नेण्यासाठी असते, हा अडाणी समज आहे. गाडी जागा धरून ठेवण्यासाठी असते. बंगळुरातल्या महादेवपुऱ्यात ज्या संकुलात शुभंकर राहत होता, तिथल्या तळघरात बेचाळीस गाड्यांनी बेचाळीस जागा धरलेल्या होत्या, आणि हे काम त्या निष्ठेने करीत.

(पाहणी : रोज फडक्याने पुसल्या जाणाऱ्या गाड्या ४२. गेल्या महिन्यात हललेल्या ८. पैकी रस्त्याच्या खोदकामामुळे हललेल्या २.)

समितीला मात्र निष्ठेचा पुरावा हवा असतो. म्हणून—

नियम ९ (अ) : वर्षातून एका रविवारी, सकाळी अकरा वाजता, सभासदाने समितीसमोर गाडी चालू करून दाखवावी. न झाल्यास जागा रद्द, गाडी फाटकाबाहेर. (चालवून दाखवण्याची अट नाही. समिती इतकी क्रूर नाही.)

नियम ९ (क) : तळघरात पाणी ओतणाऱ्याचीही जागा रद्द.

शुभंकरची जागा लिफ्टला लागून होती. मंगळवारी त्याच्या आईचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. लिफ्टपासून गाडीपर्यंत अकरा पावलं, फाटकापर्यंत तीनशे बारा. भाड्याच्या टॅक्सीला तळघरात मज्जाव. ही पावलं शुभंकरने मोबाईलवर मोजली होती. आईने ती पायांनी मोजली आणि एकशेचाळिसाव्या पावलाला कट्ट्यावर बसली.

पडताळणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

शुभंकर पुण्याहून आलेला, कंपनीत समस्यानिवारण विभागाचा प्रमुख. असा माणूस बॉनेट उघडत नसतो, तो बैठक बोलावतो. चार अभियंते पडद्यावर जमले. अडीच तास चर्चा झाली. निष्कर्ष : गाडी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी. (ती मुळात बंदच आहे, हा मुद्दा पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला.)

रविवारी दहा वाजता तळमजल्यावरच्या अंबुबाई खाली आल्या. यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलं, म्हणून नवे मराठी लोक त्यांना आदराने अक्का म्हणत आणि त्यांच्या मराठीला हसत. अक्कांनी वीस वर्षं यशवंतपूरच्या बाजारातून कांद्याचा टेम्पो हाकला होता. आता त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती. ती पहिल्या किल्लीला चालू होई, त्यामुळे संकुलाच्या प्रतिमेला बाधा येते, अशी लेखी तक्रार होती.

"काय रे, टक् टक् करत बसलाय सकाळपासनं?"

"अक्का, इलेक्ट्रिकल फेल्युअर आहे बहुतेक. रूट कॉज शोधतोय."

"बॉनेट उघडलास?"

सात वर्षांत गाडीच्या त्या भागाशी शुभंकरची ओळख झाली नव्हती. अक्कांनीच खटका ओढला. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवट पांढरा थर फुलला होता, फुलकोबीएवढा.

"हे बघ तुझा रूट कॉज. घरात खाण्याचा सोडा आहे?"

"आहे. पण अक्का, इथे पाणी अलाउड नाहीये. नऊ क."

"मग आईला खांद्यावर ने, सरी?" (सरी म्हणजे कानडीत 'ठीक'.)

शुभंकरने घड्याळ पाहिलं. "करा," तो म्हणाला. आणि हळूच, "लवकर करा."

अक्कांनी दहाचा पाना लावला, आधी वजाची तार काढली, मग अधिकची. गरम पाण्यात सोडा कालवून तांब्यातून थोडं थोडं ओतलं. थर फसफसला. जुन्या टूथब्रशने घासलं, धुतलं, कोरडं पुसलं, तारा आवळल्या, वर व्हॅसलीन लावलं. सतरा मिनिटं. एकही बैठक नाही.

अकरा वाजता सगळे सभासद जमले. शुभंकरने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. टाळ्या पडल्या.

मग सचिव कार्तिकची नजर फरशीवर गेली.

"यह पानी किसका है?"

शुभंकर मोबाईलमध्ये पाहू लागला. तिथे काहीही आलेलं नव्हतं, तरी त्याने ते दोनदा वाचलं.

"माझं," अक्का म्हणाल्या. "मीच ओतलं." मग शुभंकरकडे वळून, "सांग की रे, कशाला ओतलं ते."

सांगितलं असतं, तर 'करा' कोण म्हणालं, हेही निघालं असतं. शुभंकरने तीनशे बारा पावलांचा विचार केला. तो मातृभक्त होता.

"सॉरी अक्का," तो म्हणाला, "पण रूल इज रूल."

इतिवृत्त : अंबुबाई यांची जागा नियम ९ (क) अन्वये रद्द. व्हॅन फाटकाबाहेर. (ती लगेच गेली, चालू होती.) सदर जागा प्रतीक्षायादीतील प्रथम सभासदास द्यावी. त्यांच्याकडे अद्याप गाडी नाही, परंतु घेण्याचा मानस आहे.

ठरावाच्या बाजूने हात ४१. विरोधात शून्य; अक्कांच्या हातात तांब्या होता. शुभंकरचा हात सर्वांत आधी वर गेला, आणि तो आईच्या काळजीपोटी गेला, अशी नोंद आहे.

वाचकहो, तुम्हाला त्याचा राग आला असेल. चांगलं आहे. तुम्ही त्या रविवारी तिथे नव्हता, म्हणून आकडा ४१ वरच राहिला.