कप जपानी, माती चिनी, वाघ देशी

एका जंगलात, बाळांनो, वीज पोचली नव्हती, रस्ता पोचला नव्हता, पण चहा पोचला होता. आता हलू नका, आणि ऐकताना फुरके जरा हळू मारा.

त्या जंगलात कायदा एकच. ज्याच्या घरचा चहा प्यायला, त्याला त्या दिवशी खायचं नाही.

या कायद्यावर लंबकर्णे वहिनींचा संसार चालला होता. वहिनी म्हणजे सशीण. ऊन कललं की त्यांच्या बिळापुढे ढाणेराव वाघ हजर. आल्याचा चहा, साखर सढळ. ढाणेराव बशीत ओतून प्यायचे, मिशा पुसायचे आणि "येतो वहिनी" म्हणून दुसऱ्या कुणाला तरी खायला जायचे. वहिनी अशा रोज एकेक दिवस जगायच्या.

कपबशा मात्र नाजूक. पापुद्र्यासारख्या पातळ, काठाला सोनेरी रेघ, अंगावर निळा डोंगर. फार पूर्वी एक शिकारी साहेब त्या टोपलीत घालून जंगलात आला होता. तो ढाणेरावांच्या आजोबांना भेटला. टोपली तेवढी उरली.

एके दिवशी उदोपंत पारखे आले. हे उदमांजर. शहरातल्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर राहून आलेलं, त्यामुळे जुन्या वस्तूंवर बोलायचा त्यांना अधिकारच होता. वहिनींनी चहा दिला. पंतांनी कप सरळ उलटा केला. चहा मांडीवर सांडला, पण पंतांचा जीव तळाकडे. तळाला लाल शिक्का होता. नखानं टिचकी मारली, टण्ण वाजलं. मग कप उन्हाला धरला, आणि काय सांगू, बुडातून एका बाईचा चेहरा उमटला. मोठा अंबाडा, मिटलेले ओठ. इतकी वर्षं ती चहाखाली बसून होती आणि कुणाला पत्ता नाही.

"जपानी," पंत पुटपुटले. "आणि जुना. एका कपाला गाजराचं अख्खं रान मिळेल. कान तुटला, तर मात्र मुळ्याचं पानसुद्धा नाही."

वहिनींनी घाबरून आधी स्वतःचे कान चाचपले.

तेवढ्यात शेजारच्या घोरपडेकाकू सरपटत आल्या. काकूंना शंका फार. त्या म्हणाल्या, "मी जन्मभर ऐकतेय, याला चिनी माती म्हणतात. माती चिनी, तर कप जपानी कसा हो?"

संग्रहालयात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पंतांनी शेपटी खाजवली, आभाळाकडे पाहिलं.

"माहेर चीन, सासर जपान," ते म्हणाले.

झालं. जंगलाला एकदम पटलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लांब दिलेली पोर, वर समुद्र ओलांडून इथे जंगलात. खारींनी येऊन कपाला हळदीकुंकू लावलं. पंतांनी मग ठणकावलं, की चहानं सोनं उडतं, धुरानं रेघ काळवंडते, आणि मुख्य म्हणजे सासुरवाशिणीला कुणी रोज उकळत्या पाण्यात बसवतं का? वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कप धुतले, शेवाळाच्या गादीवर मांडले आणि चूल विझवली. करवंटीत चहा देऊ का, असं त्यांनी हळूच विचारून पाहिलं. जपानी घराण्यापुढे करवंटी शोभते का, म्हणून पंतांनी तेही मोडून काढलं.

ऊन कललं. ढाणेराव आले.

"आज फक्त दर्शन," पंत पुढे होऊन म्हणाले.

ढाणेरावांनी कप उन्हाला धरून आत डोकावून पाहिलं. बाई दिसली. हिला वाढणार आहात का, असं त्यांनी सभ्यपणे विचारलं. नाही म्हटल्यावर ते खरोखर हळहळले.

"चहा नाही, म्हणजे कायदाही नाही. वहिनी, मला फार वाईट वाटतंय हो." आणि त्यांनी जबडा चाटला.

 वहिनींचं डोकं मात्र जागेवर होतं.

"भाऊजी, मला खा, पण आधी पंतांकडून तो शिक्का समजून घ्या. फार बारकावे आहेत त्यात."

पंत असे फुलले की विचारू नका. शिक्क्याचा लाल रंग, रंगातला जांभळा, अक्षरांचे फराटे, फराट्यांचं वळण. ढाणेरावांना एक जांभई आली, मग दुसरी. पंतांच्या पाठीमागे वहिनींनी चूल पेटवली, आधण ठेवलं, आलं ठेचलं. पंत बोलता बोलता कप भाजायच्या भट्टीच्या आचेवर आले तेव्हा इकडे चहाला उकळी आली. वहिनींनी झपकन कप उचलला.

"ओतू नका, किंमत उतरेल," पंत किंचाळले.

"मी वर जाण्यापेक्षा ती उतरलेली बरी," वहिनी म्हणाल्या आणि काठोकाठ ओतला.

ढाणेराव बशीतून प्यायले. मिशा पुसल्या. वहिनी वाचल्या. मग ते मोठ्या आदरानं पंतांकडे वळले.

"पंत, तुमच्याकडे चहा घेतल्याचं आठवत नाही."

"मी करत नाही. मी नुसते कप बघतो."

"मग बरं झालं," ढाणेराव म्हणाले. "चहाबरोबर काहीतरी लागतंच."

तात्पर्य: कपबशी जितकी जुनी, तितकी मोलाची. तज्ज्ञ मात्र ताजाच बरा लागतो.