अर्ध्या वाटेवरचे आबा

हिरामण आबा बोलावलं तरी कुणाच्या घरी जात नाहीत. अर्ध्या वाटेपर्यंत येतात आणि तिथेच उभे राहतात. उरलेली अर्धी वाट बोलावणाऱ्यानं चालायची. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा त्यांनी असाच भर रस्त्यात उभं राहून घेतलाय. लोकांना याचं कौतुक. मी असं केलं असतं, तर गावानं मला वेड्यात काढलं असतं.

आमचा दोघांचा धंदा एकच, घरोघरी इंटरनेट द्यायचा. पुरुषोत्तमनगरातली कारखान्याची वसाहत माझी, तापीकाठची गावं त्यांची. पूर्वी त्यांच्या गावातल्या लग्नाचं लाइव्ह माझ्या वसाहतीत यायचं ते थेट मुंबईचा फेरा मारून, आणि त्या फेऱ्याचं भाडं आम्ही दोघंही भरायचो. आबा म्हणाले, आपण दोघांच्या मधेच थेट वायर जोडू. खर्चावर मी अडून बसलो. लग्नं तुमच्याकडची, तेव्हा जास्त वाटा तुमचा.

"दखाडनारा नि दखनारा, दोन्हीस्ले गरज शे," आबा म्हणाले; दाखवणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. "निम्मं निम्मं."

वायर जोडली. लाइव्ह अडकायचं थांबलं आणि माझी बायको माझ्याच घरात म्हणाली, "आबासनं डोकं भारी शे हां!" खर्च दोघांचा, नाव एकट्याचं. माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू, अजूनही होतो.

त्यात त्यांचा नियम: उसाच्या ट्रॅक्टरनं वायर तोडली की दोन्ही मालकांनी जोडावर हजर राहायचं. जोडायला कामाची माणसं आहेत, तरीही. आबा शिडी धरणार, मग सावकाश शेंगा सोलत बसणार. जोड झाला की दोन पावलांवरून मलाच व्हिडिओ कॉल लावणार, दिसतोय का ते विचारायला. "दखाई ऱ्हायनू का?" दुसऱ्या कुणाला लावा म्हटलं, तर ऐकूच आलं नाही असं दाखवणार.

यंदा मी ठरवलं, वायर एकट्याची करून टाकायची, म्हणजे नावही आपलंच. जोडावरच सांगितलं, "आबा, आते सम्दा खर्च मन्हा. तुमले काही तरास नई."

मला वाटलं, खूश होतील. त्यांची बायको गेल्यापासून घरात एकटेच, पोरं सुरतेला. तेवढाच खर्च वाचला. आबांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"मंग तू कसाले येशी?"

अख्खा परिसर ज्याचं नाव घेतो, त्यानं ज्याला फोन लावावा असा मी एकटाच होतो. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि वायर दोघांचीच राहू दिली.