सुंतेच्या शस्त्राची आणि मैनाबाईच्या फिर्यादीची हकीकत

श्रीचरणी दंडवत. शके सतराशे अकरा, सौम्य नाम संवत्सरे, माघ वद्य पंचमीस दरबारात जे घडले, ते आम्ही दरबारचे चिटणीस या नात्याने तेथे होतो म्हणून लिहितो. या राज्यात चाल ऐसी होती की, मुलगा जन्मला की आठवे दिवशी सरकारी वैद्याने घरी जाऊन त्याची सुंता करावी. ज्यांचे धर्मात ही गोष्ट सांगितली आहे त्यांची वार्ता निराळी. येथे धर्म नव्हता आणि दुखणेही नव्हते, थोरले महाराजांचे वेळेस कोणा वैद्याने रोग टळतो म्हणोन सांगितले आणि हुकूम जाहला, आणि मग तीन पिढ्या कोणी का म्हणोन पुसिले नाही. आम्हीही आपले दोन पुत्र पुढे केले, आणि ते रडू लागले तेव्हा ओसरीवर जाऊन बसलो.

मग त्या साली एका शिलेदाराची स्त्री मैनाबाई प्रसूत होऊन पुत्र जाहला. आठवे दिवशी राजवैद्य नारोपंत शस्त्रे घेऊन दारी गेले, आणि बाईने दार उघडिले नाही, आणि मागील दाराने निघोन, ओली बाळंतीण, लेकरू पदराखाली घेऊन थेट दरबारात उभी राहिली. नारोपंतही मागोमाग आले. बाई बोलिली, "महाराज, याला ताप नाही, फोड नाही, लघवी नीट होते. मग कापायचे कशाला? सात वर्षांमागे थोरला दिला होता, तो दुसरे दिवशी गेला. हा देणार नाही." दिवाण रंगो बाबाजी हसोन बोलिले, "बाई, आम्हां सर्वांची जाहली, आमचे काय बिघडले? अंग स्वच्छ राहते." बाई बोलिली, "धुवायला मी शिकवीन, दिवाणसाहेब. पुढे मोठा झाला की त्याचे तो ठरवील."

मग महाराजांनी नारोपंतांस पुसिले, "रोग टळतो हे खरे काय?" नारोपंत बोलिले, "काही टळतात, महाराज, खोटे कसे सांगू? परंतु ते थोडक्यांस होतात, आणि बहुतकरून मोठेपणी होतात. शस्त्र मात्र आम्ही सर्वांस लावितो." "आणि हिचा थोरला?" तेव्हा नारोपंतांनी पागोटे उतरोन हाती घेतले आणि बोलिले, "रक्त थांबले नाही. भिजल्या पट्ट्या मी बदलून नेल्या आणि हिला आंकडी म्हणून सांगितले. अब्रूस भ्यालो."

बाई ओरडली नाही, रडलीही नाही. हळूच बोलिली, "वैद्यबुवा, आंकडीचे ऐकून सासूबाई म्हणाल्या, तुझे दूधच विषारी. मीही खरे मानले. आठ दिवस याला शेजारीण पाजते आहे, आणि मी माझे दूध मोरीत पिळून टाकते आहे."

आणि मग ती तेथेच सभेकडे पाठ करोन बसली आणि लेकरास पदराखाली घेतले, आणि ते पिऊ लागले त्याचा आवाज सर्वांस ऐकू आला, आणि महाराज, दिवाण, मानकरी, कोणाच्याने मान वर करवेना.

सारांश, दुखणे वा घरची श्रद्धा असल्यावाचून शस्त्र लावू नये ऐसा हुकूम सुटला. नारोपंतांनी पुन्हा शस्त्र धरिले नाही. हुकुमात बाईचे नाव घालू नये, दरबाराची शोभा जाते, ऐसे दिवाण बोलिले, आणि आम्ही घातले नाही. ते येथे घातले आहे.